दार उघडल्याचा निरोप

अशोकनगर, सातपूर
११ फेब्रुवारी २०२४

विहंग,

माझा ईमेल बघून दचकू नकोस. वकिलांच्या कागदांबद्दल नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर आपला दोघांचाही आवाज चढतो आणि मग बाबा माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

एक तांत्रिक प्रश्न आहे. मला वायफाय असलेला एक छोटा बोर्ड घ्यायचाय. प्रोग्राम टाकून आपल्याला हवं ते करून घेता येतं, तसला. तू इथे असताना जेवायच्या टेबलावर ज्यांचा पसारा असायचा त्यातलाच. तुझे बहुतेक सगळे तू पुण्याला नेलेस. ड्रॉवरमध्ये एक निळा राहिलाय, पण त्याला वायफाय नाही असं कळलं.

इंटरनेटवर वाचायला बसले तर डोकं भणभणलं. ईएसपी८२६६ की ईएसपी३२, की पिको डब्ल्यू? एक जण म्हणतो नवशिक्यांनी पहिलाच घ्यावा, दुसरा म्हणतो तो आता जुना झाला. एकाला ब्लूटूथ आहे, एकाला नाही. मला ब्लूटूथ लागेल का, हेच मला माहीत नाही. तुझ्या शेजारी बसून मी इतकी वर्षं नुसती बॅटरी धरली, त्या वेळी काहीतरी विचारायला हवं होतं.

कढीपत्त्याच्या कुंडीसाठी हवाय. माती कोरडी झाली की मला ऑफिसात कळेल, असं काहीतरी. छंद म्हणून. दिवसभर वर्कशॉपची चलनं टाइप करून आल्यावर डोक्याला काहीतरी वेगळं हवं असतं.

बाबा बरे आहेत. जेवतात, झोपतात. तू गेलास तेव्हा होते तसेच आहेत.

पल्लवी

१८ फेब्रुवारी २०२४

विहंग,

तुझं उत्तर मिळालं. "कढीपत्त्याला वायफाय कशाला? रोज सकाळी बघ." एवढंच. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. पण मला शिकायचंय, असं समज.

तू सांगितलं नाहीस म्हणून मग मी स्वतःच गेले, एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या सुट्या भागांच्या दुकानात. तुझ्या ओळखीचे ते दुकानदार काका आता बसत नाहीत. त्यांची पुतणी बसते, हर्षाली नावाची. बोलायला मोकळी आहे.

"काय बनवायचंय ताई?" तिने विचारलं.

"कुंडीला पाणी."

"मग छोटा आठ-दोन-सहा-सहा घ्या. वायफाय आहे, दोनचार पिना पुरतात. मोठा कशाला?"

मी तो घेतला, आणि यादीतल्या बाकीच्या दोन वस्तूही मागितल्या. तिने त्या काउंटरवर ठेवल्या, आणि माझ्याकडे जरा बघितलं. "ताई, हा चुंबकाचा स्विच दाराला लावतात. कुंडीला नाही."

"माहितेय," मी म्हटलं.

तिने सगळं पिशवीत घालून दिलं.

घरी आल्यावर बोर्ड लॅपटॉपला जोडला तर काहीच नाही. त्याचा दिवा लागला, पण लॅपटॉपला तो दिसेचना. ड्रायव्हर टाकला, काढला, पुन्हा टाकला. बोर्ड माझ्या हातून जळला असं समजून मी रडकुंडीला आले होते. बाबा कॉटवर बसून माझी गंमत बघत होते. एकदम म्हणाले, "मशीन बंद पडलं का? फोरमनला बोलाव." मला इतकं हसू आलं. मग हसता हसता काय झालं कोण जाणे, मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

तुला विचारायचं ते हे: दिवा लागतो पण लॅपटॉपला दिसत नाही, याचं कारण काय असेल?

पल्लवी

३ मार्च २०२४

विहंग,

केबलच होती. नुसती चार्जिंगची. तुझं उत्तर येताच मोबाइलच्या डब्यातली दुसरी लावली आणि लगेच दिसला. वायफायही लागलं, पण राऊटरवर जुन्या फ्रिक्वेन्सीला वेगळं नाव दिल्यावरच. नवी फ्रिक्वेन्सी या बोर्डांना पकडता येत नाही, हे मी शोधून काढलं. मीच.

तू खाली लिहिलंयस, "पल्लवी, दाराला काय झालंय?" हर्षालीचं बोलणं मी तुला का लिहिलं, ते मला कळत नाही. कदाचित तू विचारावंस म्हणूनच लिहिलं असेल.

तर ऐक. बाबा बाहेर जातात.

दिवाळीनंतर सुरू झालं. पहिल्यांदा त्यांच्या जुन्या कंपनीच्या गेटवर सापडले. वॉचमन नवा होता, पण चांगला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बाबांच्या खिशातल्या चिठ्ठीवरून मला फोन केला. मी पोहोचले तर बाबा त्याला लेथ मशीनच्या टूलला धार कशी लावतात ते समजावत होते. पुढच्या वेळी गेटपर्यंतही पोहोचले नाहीत. त्र्यंबक रोडच्या मधोमध उभे होते आणि दोन्हीकडून गाड्या चालल्या होत्या.

कुलूप लावून ऑफिसला जाऊन बघितलं. परत आले तेव्हा दाराला धक्के मारून त्यांचा खांदा काळानिळा झाला होता. त्यानंतर कुलूप लावलं नाही. शेजारच्या सखुबाई लक्ष ठेवतात, पण त्यांचंही घर आहे.

म्हणून मी तुझ्या त्या निळ्या बोर्डावर बझर लावला होता. दार उघडलं की वाजायचा. बराच मोठा वाजायचा. पहिल्याच दिवशी सखुबाई आत आल्या आणि तो वाजला. बाबा ताडकन उठले. खाकी शर्ट शोधून काढला, उलटा घातला, आणि मला म्हणाले, "पल्लवे, डबा दे. भोंगा झाला."

"आज सुट्टी आहे बाबा."

"मग भोंगा कसा वाजला? सुट्टीला भोंगा नाय वाजत." मग माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांची हजेरी बुडवतेय. "मला कामावरून काढलं का? खरं सांग."

मी बझर उपटून काढला. म्हणून वायफाय. वाजायचं तर माझ्या हातातल्या फोनवर वाजू दे, त्यांच्या कानावर काही पडायला नको.

तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला होतास की मला हे झेपणार नाही. विसरणाऱ्या माणसांना ठेवतात त्या पुण्याच्या केंद्राची माहिती तू चांगल्या मनाने काढली होतीस, हेही मला माहीत आहे; त्यावरूनच आपलं बिनसलं. पण आई गेल्यावर या घरात बाबांनी मला आईसारखं सांभाळलं. त्यांना दुसऱ्यांच्या हातात द्यायला माझा हात धजत नाही. तू बरोबर होतास की मी, हे मला आता ठरवायचंही नाही.

आता तरी सांग, कुठला घेऊ? हा जो आणलाय तो चार्जरवरच चालतो. बॅटरीवर ठेवला की दुसऱ्या दिवशी बॅटरी रिकामी होते.

पल्लवी

१७ मार्च २०२४

विहंग,

इतका मोठा ईमेल तू मला लग्नाआधीही लिहिला नव्हतास.

तू म्हणालास तसाच बोर्ड हर्षालीकडून मागवून घेतला. ईएसपी३२, बॅटरीचं सॉकेट असलेला. तू आकृती काढून पाठवलीस तशी दाराच्या चौकटीत चुंबकाची जोडी बसवली. बोर्ड झोपून राहतो आणि दार उघडलं की जागा होतो, टेलिग्रामवर निरोप टाकतो आणि परत झोपतो. "वायफाय लागलं नाही तर लागेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करू दे," हे तू सांगितलंस ते मला सुचलंच नसतं. आणि "बॅटरीवरच ठेव, म्हणजे वीज गेली तरी चालेल," हेही. सगळं तसंच केलं. तारांना सोल्डरचा डाग देताना बोट भाजलं. फोड आलाय.

पहिला निरोप आला तेव्हा दाराजवळ मीच उभी होते. "दार उघडलं." मी परत लावलं, परत उघडलं. किती वेळ तेच करत होते कोण जाणे. तुला फोन लावायला घेतला होता. नाव स्क्रीनवर आलं आणि मी बंद केला.

निरोप सखुबाईंच्या फोनवरही जातो. बुधवारी मी ऑफिसात असताना आला आणि मी फोन करेपर्यंत त्या जिन्यात पोहोचल्याही होत्या. संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं.

"भाऊ, कुठं निघाले?" त्यांनी विचारलं.

"राब भाजायचा हाय. सोमा एकलाच हाय तिकडं."

सोमा म्हणजे माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ. पेठच्या पुढे गावी असतात. राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात ते. मी लहानपणी एकदा बघितलंय, नुसता धूर आठवतो.

आता त्यांच्या बोलण्यातून कंपनी गेली, विहंग. हल्ली बाबा गावचं बोलतात, आणि तेही आमच्या गावच्या बोलीत. ती बोली त्यांनी मला कधी शिकवलीच नाही. शाळेत मला हसतील म्हणून घरात तसं बोलायचे नाहीत. परवा जेवताना माझ्याशी बराच वेळ काहीतरी बोलले, अगदी मनापासून, हातवारे करून. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. मी नुसती हो म्हणत राहिले.

तू खाली विचारलंयस, मी जेवते का वेळेवर. जेवते.

पल्लवी

१८ मे २०२४

विहंग, बाबा सापडत नाहीत. तुझा फोन लागत नाही. हे बघितलंस की फोन कर.

९ जून २०२४

विहंग,

दहाव्याला तू आलास. सोमाकाकांनी विचारलं, "जावई, गाडीत लय तरास नाय ना झाला?" आणि तू "नाही काका" म्हणून त्यांच्या पाया पडलास. आपलं काय चाललंय ते तिथे कोणाला माहीत नव्हतं आणि तू कळू दिलं नाहीस. त्याबद्दल मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

गावी तू मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होतास: "राऊटरचं माझ्या लक्षात कसं नाही आलं?" तुझा चेहरा बघून मला काही सांगता येत नव्हतं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

त्या शनिवारी सकाळी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गेला. वीज नाही, म्हणून राऊटर नाही. तुझा बोर्ड बॅटरीवर जागा झाला असणार, त्याने निरोप पाठवायचा प्रयत्नही केला असणार, पण तो जाणार कुठून? सखुबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. फोन जवळ ठेवला होता त्यांनी. निरोप आला नाही म्हणजे भाऊ घरात आहेत, असं समजून त्या निवांत होत्या. मीही तशीच होते. त्या दोन महिन्यांत मी इतकी निवांत झाले होते की जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर चहाला जायला लागले होते.

दुपार टळल्यावर वीज आली आणि माझा फोन वाजला. "दार उघडलं." सकाळचा अडकलेला निरोप होता तो, पण मला आत्ताचा वाटला, म्हणून मी हसून सखुबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, दार तर उघडंच आहे. भाऊ नाहीत."

कंपनीचं गेट, त्र्यंबक रोड, सिव्हिल हॉस्पिटल, पोलीस चौकी. तुला तो ईमेल मी चौकीच्या बाकावर बसून केला. अंधार पडता पडता एका अनोळखी नंबरवरून फोन आला. गावात रेंज नाही म्हणून सोमाकाका टेकडीवर चढून आले होते. धापा टाकत होते.

"पल्लवी, दादा हितं हाय. बरा हाय. घाबरू नको."

"मी येते काका. आत्ता निघते."

"आता गाडी नाय पोरी. उद्या ये. लय दिसांनी आलाय, निजू दे त्याला."

ते एकटे गेले, विहंग. ज्या माणसाला बाथरूमचं दार सापडत नव्हतं तो सिटी बसने सीबीएस स्टँडला गेला, पेठची एसटी पकडली, कंडक्टरला गावाचं नाव बरोबर सांगितलं, आणि फाट्यावर उतरून चालत शेतात गेला. कसं, ते मला कोणी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. काकूंनी स्वच्छ सदरा घातला होता त्यांना. गावातली म्हातारी माणसं भोवती होती आणि बाबा त्यांच्याशी त्या बोलीत बोलत होते, हसत होते. एकेकाचं नाव घेऊन बोलत होते. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. इतका हलका होता तो.

मी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि काकूंना म्हणाले, "शहरातली बाई आलीय. उन्हात आलीय. पाणी द्या तिला, भाकर द्या."

काकूंना रडू आलं. त्या म्हणाल्या, "दादा, पल्लवी हाय ती. तुमची पल्लवी." बाबांनी मान हलवली, पाहुण्यांच्या बोलण्यावर हलवतात तशी. मग स्वतःच्या ताटलीतली नागलीची भाकर मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, आणि म्हणाले, "बस बाई. जेवून जा."

मी बसले, जेवले. त्यांच्या हातचं मी शेवटचं खाल्लं ते अशी, परकी बाई होऊन.

त्यांना परत आणायची गाडी मी ठरवून गेले होते. ती रिकामी पाठवली. ते होते तितके दिवस मीही तिथेच राहिले. सकाळी सोमाकाका त्यांना शेताच्या बांधावर नेऊन बसवायचे. दार उघडंच असायचं आणि ते कुठे जायचे नाहीत. एक दिवस दुपारी जेवून भिंतीला टेकून बसले होते. काकू चूळ भरायला पाणी घेऊन गेल्या तर मान कलली होती. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. कोणाला मला हाकसुद्धा मारावी लागली नाही, काकूंच्या हातातला तांब्या पडला तेवढ्यानेच कळलं.

म्हणून राऊटरचं मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी वीज असती, तर निरोप वेळेवर आला असता, सखुबाईंनी त्यांना जिन्यातून परत आणलं असतं, आणि मी संध्याकाळी तुला आनंदाने लिहिलं असतं की तुझा बोर्ड किती छान चालतो. बाबा सातपूरच्या त्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून गेले असते. हे समजल्यापासून मला झोप लागत नाही. तू चुकलास म्हणून नाही. आपण दोघांनी मिळून इतकं नीट केलेलं हे एकच काम, आणि ते चाललं नाही ते बरंच झालं, म्हणून.

पल्लवी

२३ जून २०२४

विहंग,

तुझे तिन्ही ईमेल वाचले. उत्तर द्यायला उशीर केला, कारण मला घाईत लिहायचं नव्हतं.

दहाव्यानंतर पेठच्या स्टँडवर, तुझी गाडी लागल्यावर, तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि विचारलंस, "पल्लवी, आता येऊ का मी घरी?" मी गाडीवरची पाटी वाचत राहिले. तुला वाटलं, मी विचार करतेय. मी विचार करत नव्हते. त्या एका "आता"पाशी मी अडकले होते.

तुझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. आता म्हणजे आता, एवढंच. पण माझ्या कानांनी ऐकलं ते असं: आता जागा झाली. बाबांची कॉट निघाली, औषधांचं टेबल निघालं, आता त्या घरात माणसाला राहता येईल. तू परत यायला माझ्या वडिलांना जावं लागलं. तू आलास, कपाटात शर्ट लावलेस, टेबलावर पुन्हा पसारा मांडलास, तर मी रोज सुखाने तुझ्याकडे बघेन आणि रोज मला हेच आठवेल. आणि एखाद्या दिवशी, चहा पिताना, बाबा गेले ते एका अर्थी बरं झालं असं माझ्या मनात येईल. मला त्या दिवसापर्यंत पोहोचायचं नाही.

तू वाईट असतास तर हे सोपं झालं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मी तुझ्या ईमेलची ज्या तऱ्हेने वाट बघत होते, तशी मी लग्नाआधीही बघितली नव्हती. ऑफिसात बसून पिनांचे नंबर वाचायचे, पण वाचत असायचे तुलाच. हे तुला कळलं पाहिजे. माझं प्रेम संपलंय म्हणून मी नाही म्हणत नाही.

पुढच्या महिन्यात मी कोर्टात येईन आणि सही करीन. एकच मागते. त्या दिवशी माझ्याशी नीट बोलू नकोस. प्रवास कसा झाला, जेवलीस का, काही विचारू नकोस. वकिलांशी बोल, फोनमध्ये बघत बस, हवं तर चिडल्यासारखा राहा. तू जवळ येऊन नुसतं "पल्लवी" म्हणालास, तरी माझ्या हातून सही होणार नाही.

पल्लवी